व इतर ४

न्हावा आणि शेवा ही दोन गावे. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. त्यांची नावे जोडली ती बंदराने. २६ मे १९८९ रोजी हे बंदर सुरू झाले आणि त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव देण्यात आले, तरी जहाजांच्या कागदपत्रांत 'न्हावा शेवा' हीच नोंद राहिली. आखातात नोकरीला असलेले आमच्या मोहल्ल्यातले लोक घरी सामान पाठवत, त्याच्या पावतीवरही हेच नाव असे. पोरे ते मोठ्याने वाचून दाखवत आणि म्हातारी माणसे म्हणत, बघा, आपल्या गावाचे नाव दुबईत छापतात.

गावाचे नाव असे जगभर छापले गेले. त्या गावांच्या आसपास राहणाऱ्या माणसांची नावे मात्र सरकारी कागदावर कशी लिहिली गेली, लिहिली गेली की नाही, हे शोधायला बसले तर माणसाचे आयुष्य अपुरे पडेल. मी अशा एकाच नावाबद्दल लिहिते आहे. ते माझ्या खालाचे नाव.

आधी जमिनीचे थोडे सांगायला हवे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. पाठोपाठ बंदर आले. संपादन झाले ते इंग्रजांच्या १८९४ सालच्या कायद्याने. त्यात आधी कलम ४ची अधिसूचना, मग कलम ६ची घोषणा, मग कलम ९ची नोटीस आणि शेवटी कलम ११चा निवाडा, अशा पायऱ्या होत्या. निवाड्यात ज्याचे नाव, त्याला मोबदला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना निघाली आणि १९९० साली सरकारने तसा निर्णय केला. तेव्हा जुन्या निवाड्यांना पुन्हा जीव आला, कारण भूखंड कोणाला हे त्याच कागदावरून ठरणार होते. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना तर आणखी कितीतरी वर्षे थांबावे लागले. १६ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी न्हावा शेव्याला आले, तेव्हा काही जणांच्या हाती त्या भूखंडांची कागदपत्रे पडली.

कोळी बांधवांची गोष्ट आणखी कठीण. शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठला आणि उरणला वसवला गेला. त्या हनुमान कोळीवाड्यातली घरे वाळवीने पोखरली आणि पुन्हा पुनर्वसन मागण्यात एक पिढी म्हातारी झाली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने या परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई देण्याचा निकाल दिला. प्रत्येक कुटुंबाला ५ लाख ८४ हजार. भरपाई कुटुंबागणिक म्हटल्यावर पुन्हा यादी आली. यादी आली की प्रश्न आलाच, नाव कोणाचे?

माझ्या आईच्या वडलांची भातशेती याच पट्ट्यात होती. ते १९६८ साली वारले. मागे तीन मुलगे आणि दोन मुली. शरीअतप्रमाणे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, पण ठरलेला. कोणी मेहेरबानी म्हणून द्यायचा नाही. सातबाऱ्यावर मात्र थोरल्या मामूंचे नाव आणि त्यापुढे 'व इतर ४' एवढेच. पुढे जमीन गेली, निवाडा झाला, त्यातही तसेच. मोबदल्याचे जे काही पैसे आले ते मामूंनी घरावर आणि लग्नांवर खर्च केले. त्याबद्दल घरात कधी आवाज चढला नाही. बहिणींना ईदेला साडी येत होती, माहेरपण होत होते, सगळे ठीक चालले होते.

खाला ही मामूंच्या पाठची. मराठी सातवी, म्हणजे त्या काळची 'फायनल', पास झालेली. मोहल्ल्यात कोणाला पत्र आले की तिच्याकडे वाचायला यायचे. तिचे अक्षर असे की शाळेतल्या मुलांना मी आजही तसे काढून दाखवू शकत नाही, आणि मी पनवेलला तीस वर्षे शिकवले आहे. माझी आई सगळ्यांत धाकटी. नानी आजारी पडली म्हणून तिची शाळा झाली नाही. तिला लिहिता येत नव्हते. आई १९९८ साली गेली. थोरले मामू २००३ साली गेले.

२०११च्या रमजानमध्ये खालाने मला बोलावून घेतले. ती तेव्हा पंचाहत्तर वर्षांची. साडेबारा टक्क्यांचे बोलणे मामूंच्या मुलांत सुरू आहे, हे तिच्या कानावर आले होते. मला वाटले, ती वाटा मागणार. ती म्हणाली, "मला जागा काय करायची आहे? सरकारच्या कागदात मी आहे की नाही, एवढं मला मरायच्या आधी बघायचं आहे. इतर चार म्हणजे कोण, ते कुठंतरी लिहिलेलं असेल ना?"

ती या कायद्याला 'माहितीचा हक्क' म्हणायची. सरकारी मराठीत तो 'अधिकार' आहे. मला तिचा शब्द जास्त बरोबर वाटे. अरबीत हक म्हणजे अधिकार आणि हक म्हणजे सत्यही. आपल्या दफ्तरी मराठीतले निम्मे शब्द आपल्या घरातलेच आहेत. अर्ज, हुकूम, दाखला, नक्कल, वारस, दफ्तर. शब्द ओळखीचे असले तरी दार ओळखीचे नसते, एवढाच काय तो फरक.

या कायद्यात महाराष्ट्र दिल्लीच्या पुढे होता. राजस्थानातल्या ब्यावरला १९९६ साली मजूर-शेतकऱ्यांनी धरणे धरले, तिथून ही मागणी देशभर गेली. आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने राज्याचा २००२चा कायदा झाला आणि पुढे १२ ऑक्टोबर २००५पासून केंद्राचा कायदा देशभर लागू झाला. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. कारण सांगायची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर, उशीर झाला तर अधिकाऱ्याला रोजचा २५० रुपये दंड, जास्तीत जास्त २५ हजार. कागदावर याहून सोपा कायदा मी पाहिलेला नाही.

अर्ज खालाने स्वतः सांगितला आणि मी लिहून घेतला. तिचे पहिले वाक्य होते, "माझे नाव का नाही?" एका निवृत्त अव्वल कारकुनाला आम्ही तो दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "बाई, 'का' विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला ते बांधलेले नाहीत. कागद मागा." त्यांचे खरे होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली असाच निकाल दिला आहे. जे अभिलेखात आहे ती माहिती. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही. मग आम्ही लिहिले, 'निवाड्यातील सदर नोंदीशी संबंधित वारसांच्या यादीची साक्षांकित प्रत मिळावी.' खालाने वाचून पाहिले आणि सही केली. "माझा प्रश्न कुठं गेला यात?" असे ती म्हणाली, पण सही केली.

आम्ही अर्ज कोणत्या कार्यालयात दिला त्याचे नाव मी घेत नाही. वाचकांनी आपापल्या अनुभवातले नाव तिथे घालावे, फार चुकणार नाही. सव्विसाव्या दिवशी उत्तर आले की हा विषय आमच्याशी संबंधित नसल्याने अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला आहे. कायद्याचे कलम ६(३) म्हणते की वर्ग करायचा तर पाच दिवसांत करा. दुसऱ्या कार्यालयाने तो तिसऱ्याकडे पाठवला. प्रत्येक वेळी एक पत्र, एक जावक क्रमांक, एक सही. कोणी उद्धट बोलले नाही, कोणी नाही म्हटले नाही. कागद चालत राहिला.

न्हावा शेव्याच्या माणसाला हे चालणे इतरांहून जास्त. जमीन घेतली ती राज्याच्या यंत्रणेने, बंदर झाले ते केंद्राचे. सिडकोचे अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, बंदराचे आणि कस्टमचे दिल्लीत केंद्रीय आयोगाकडे. त्यात केंद्राच्या कार्मिक विभागाने जून २००८मध्ये कळवून ठेवले की माहिती राज्याच्या कार्यालयाची असेल तर केंद्राच्या अधिकाऱ्याने अर्ज पुढे पाठवण्याची गरज नाही, अर्जदाराला तसे सांगितले की पुरे. एकाच शेताचा बांध इकडे राज्यात आणि तिकडे केंद्रात. बंदराचा कायदाही बदलला आणि २०२१च्या नव्या कायद्याने 'पोर्ट ट्रस्ट'ची 'पोर्ट अथॉरिटी' झाली. नाव बदलले की जुने दफ्तर कोणाच्या ताब्यात, हे विचारण्यासाठी आणखी एक अर्ज लागतो.

तिसऱ्या कार्यालयाने आम्हाला पाहणीसाठी बोलावले. पाहणीच्या पहिल्या तासाला फी नसते. खाला पांढरी ओढणी घेऊन, चष्मा पुसून, परीक्षेला बसावे तशी बसली. दफ्तरखान्यातल्या बाई प्रकल्पग्रस्तांच्याच गावातल्या होत्या. त्यांनी लाल रुमालात बांधलेला गठ्ठा आमच्यापुढे सोडला. निवाडा होता. मामूंचे नाव होते. 'व इतर ४' होते. त्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'वारस यादी सोबत'. सोबत काही नव्हते. टाचणीची दोन भोके होती आणि भोवती गंजाचा डाग. त्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "यादी होती आजी. आता सापडत नाही." आम्ही यादीसाठी पुन्हा लेखी मागणी ठेवून आलो.

उत्तर आले ते वेगळेच. ही माहिती तिसऱ्या पक्षाशी संबंधित असल्याने कलम ११प्रमाणे त्यांना नोटीस दिली, त्यांनी हरकत घेतली, सबब कलम ८(१)(ञ)प्रमाणे वैयक्तिक माहिती म्हणून देता येत नाही. तिसरा पक्ष म्हणजे थोरल्या मामूंची मुले. खाला ते पत्र कितीतरी वेळ हातात धरून बसली. "यांना मी मांडीवर खेळवलं," ती म्हणाली. "हे तिसरा पक्ष कधी झाले?"

त्या ईदेला तिच्याकडे माहेरचे कोणी आले नाही.

पहिल्या अपिलाला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. अपिलीय अधिकारी त्याच कार्यालयातला वरचा साहेब असतो, म्हणून लोक म्हणतात की अपील म्हणजे सासूची तक्रार सासऱ्याकडे. आमचा अनुभव तसा आला नाही, हे लिहायलाच हवे. साहेबांनी खालाला खुर्ची दिली आणि म्हणणे मांडायला सांगितले. तिने एकच वाक्य तयार केले होते. "साहेब, पाहणीला आले तेव्हा यादी सापडत नव्हती. आता ती देता येत नाही म्हणता. न सापडलेल्या कागदात वैयक्तिक माहिती आहे, हे तुम्हाला कसं कळलं?" साहेब क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी माहिती अधिकाऱ्याकडे पाहिले. १५ दिवसांत शोध घेऊन अर्जदाराच्या नावापुरती प्रत द्यावी, असा त्यांनी हुकूम लिहिला. 'सापडत नाही' या उत्तराला पुढे दिल्ली उच्च न्यायालयानेही चाप लावला. जी माहिती कधीकाळी कार्यालयात होती ती केवळ सापडत नाही म्हणून नाकारता येणार नाही, कसून शोध घ्या, जबाबदारी ठरवा, असे २०१३च्या निकालात म्हटले आहे. महाराष्ट्रात तर सार्वजनिक अभिलेखांचा स्वतंत्र कायदा आहे. अभिलेख नष्ट करणे हा त्यात गुन्हा आहे. पण आमच्या वेळी कामाला आला तो खालाचा एक प्रश्न.

जून २०१२मध्ये प्रत आली. दोन रुपये पानाप्रमाणे एकच पान. इतरांची नावे पांढऱ्या पट्टीने झाकलेली. दोन ओळी उघड्या होत्या, खालाची आणि माझ्या आईची. दोघींच्या पुढे लिहिले होते, 'हक्क सोडला'. आणि त्यापुढे दोन अंगठे.

खालाने पान उजेडाकडे धरले. फायनल पास बाई, सगळ्या मोहल्ल्याची पत्रे लिहिणारी, तिच्या नावापुढे अंगठा. ती काही बोलली नाही. मग तिने आईच्या ओळीवर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. माझ्या आईला लिहिता येत नव्हते. तो अंगठा तिचा असेलही. तिला काय सांगून घेतला असेल, तिने काय समजून दिला असेल, हे आता मला कोण सांगणार? यासाठी कोणत्याही कलमाखाली अर्ज नाही.

आम्ही प्रश्न सरकारला विचारला होता आणि उत्तर आमच्या घरातून आले. माहितीच्या अधिकाराची ही बाजू भाषणांत फारशी येत नाही. आपण धरून चालतो की कागद बाहेर आला की दोषी साहेब सापडेल. कधी तो सापडतोही, आणि त्याची किंमत माणसे जिवाने मोजतात. तळेगावचे सतीश शेट्टी जमिनीचे गैरव्यवहार उघडे करत होते, १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला. पण पुष्कळदा दफ्तरात जपून ठेवलेले असते ते आपलेच. मुलींच्या वाट्याचे मसले आपण भर मजलिशीत सांगतो, आयत पाठ असते आणि तलाठ्यापुढे 'व इतर' म्हणून मोकळे होतो. सरकारी कारकुनाने ते लिहिले खरे. सांगितले कोणी?

खाला कोर्टात गेली नाही. भाचरांना पान दाखवले नाही. तिने मला आणखी एक अर्ज लिहायला सांगितला, या वेळी माहिती मागणारा नव्हे. 'सदर यादीतील माझ्या नावासमोरील अंगठा माझा नाही. मी साक्षर असून सही करते. हे पत्र सदर निवाड्याच्या दफ्तरात लावून ठेवावे.' खाली तिची ती वळणदार सही. तिसऱ्या कार्यालयात आम्ही पत्र दिले आणि प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. पत्राला उत्तर आले नाही. ते रुमालात बांधले गेले की नाही, तेही कळले नाही. खालाने शिक्का मारलेली प्रत कुराणशरीफच्या फळीखाली, घराच्या कागदांत ठेवली. २०१७ साली ती गेली तेव्हा प्रत तिथेच होती.

आज तिने तोच अर्ज केला असता तर काय झाले असते, असा विचार मनात येतो. राज्याच्या नियमांप्रमाणे २०१२पासून अर्जात एकच विषय हवा आणि तो १५० शब्दांत बसायला हवा. तिचा बसला असता. पण कलम ८(१)(ञ) आता ते राहिलेले नाही. आधी त्यात अट होती की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण खासगीपणात घुसणारी माहितीच नाकारता येईल, आणि व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागेल. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते शब्द काढले. नोव्हेंबर २०२५मध्ये हा बदल अमलात आला. वैयक्तिक माहिती एवढे म्हटले की नाकारण्याचे दार उघडे. कलम ८(२)मध्ये जनहिताचा आधार अजून आहे, पण पंचाहत्तर वर्षांच्या बाईने आपल्या बापाच्या यादीतले नाव पाहणे हे जनहित आहे, हे तिने साहेबांना पटवायचे. ज्या याद्यांत आपली नावे दुसऱ्यांच्या नावांना चिकटून आहेत, त्या सगळ्या याद्या या शब्दाखाली झाकल्या जाऊ शकतात. न्हावा शेव्यात तर एकही यादी एका माणसाची नाही.

मामूंच्या मुलांशी बोलणे हळूहळू सुरू झाले. थोरल्याने दुसऱ्या वर्षी ईदेला येऊन सलाम केला, बरोबर त्याची मुलगी होती. खालाने त्या मुलीला जवळ घेतले आणि शिरखुर्मा वाढला, बाकी विषय निघाला नाही. मधले मामू २०१९ साली वारले, तेव्हा वारस नोंदीसाठी घरचे सगळे तलाठी कार्यालयात गेले. मीही होते. तीन मुलगे, चार मुली. तलाठी भाऊंनी सवयीने विचारले, "थोरल्याचं नाव घालतो आणि पुढे व इतर सहा, चालेल ना?" ती मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ती पुढे झाली आणि म्हणाली, "नाही. सगळी नावं लिहा. मी सांगते."

त्यांनी रकान्यात जागा नाही म्हणून सांगितले. तिने आपल्या वहीतले एक पान फाडून दिले आणि सात नावे, वयासकट, एकाखाली एक लिहून दिली. त्या पानावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.